लॅबमधले ‘कुछ नहीं होता’

संध्याकाळचे सात वाजले आहेत. मोहल्ल्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गर्दी आहे. डीएमएलटी करून नुकताच कामाला लागलेला तरुण एका पेशंटचे रक्त घेतो, वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवतो, ट्यूबवर नाव लिहितो आणि त्याच हाताने फोन उचलतो. टेबलावर थुंकीच्या डबीशेजारी चहाचा ग्लास ठेवलेला आहे. कोणी टोकलेच तर उत्तर ठरलेले असते, “कुछ नहीं होता, भाई!”

हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे. बारावी सायन्सनंतर मेडिकलला नंबर लागत नाही किंवा फी परवडत नाही, म्हणून आपल्या वस्त्यांतली अनेक मुले-मुली डीएमएलटी किंवा बीएस्सी मायक्रोबायोलॉजीकडे वळतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. काम इज्जतीचे आहे आणि लोकांच्या उपयोगाचे आहे. पण टेस्ट कशी करायची हे जेवढ्या कसोशीने शिकवले जाते, तेवढ्या कसोशीने ती करणाऱ्याने स्वतःला कसे जपायचे हे शिकवले जात नाही. लॅबमधली सुरक्षा ही मालकाची मेहेरबानी नाही. ती तिथे काम करणाऱ्याचा हक्क आहे आणि घरच्यांप्रती त्याची जबाबदारीही आहे. हे आपण मनात पक्के केले पाहिजे.

जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांसाठी जैवसुरक्षेच्या चार पातळ्या ठरलेल्या आहेत. त्यांनाच बीएसएल-१ ते बीएसएल-४ म्हणतात. पहिल्या पातळीवर निरोगी माणसाला सहसा आजारी न पाडणारे जंतू हाताळतात, जसे कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये. दुसऱ्या पातळीवर हिपॅटायटिस बी, एचआयव्ही, टायफॉइड अशा आजारांचे नमुने येतात. इथे धोका मुख्यतः सुई टोचण्यातून, डोळ्यांत-तोंडात शिंतोडा उडण्यातून किंवा हातावाटे पोटात जाण्यातून असतो. तिसऱ्या पातळीवर हवेतून पसरणारे गंभीर आजार येतात, उदाहरणार्थ टीबीचे जंतू वाढवण्याचे काम. चौथी पातळी निपाह, इबोला यांसारख्या जीवघेण्या विषाणूंसाठी असते.

ही पातळी केवळ जंतूवर ठरत नाही, त्याच्यासोबत आपण काय करतो यावरही ठरते. थुंकीचा स्मिअर बनवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे वेगळे आणि तोच टीबीचा जंतू कोट्यवधींच्या संख्येने वाढवणे वेगळे.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची बीएसएल-४ प्रयोगशाळा आहे. अंगभर सूट घातलेले तिथले शास्त्रज्ञ आपण बातम्यांत पाहतो आणि धोका म्हणजे तिथलाच असे समजतो. खरे तर आपली बहुसंख्य मुले काम करतात ती दुसऱ्या पातळीवर. तिथे ना सूट असतो, ना कॅमेरे, ना कोणी विचारणारे.

निष्काळजीपणाची किंमत कोण मोजतो, हे इतिहासाने दाखवले आहे. १९७७ मध्ये सोमालियातला अली माओ मालिन हा हॉस्पिटलमधला स्वयंपाकी देवीच्या नैसर्गिक साथीचा जगातला शेवटचा रुग्ण ठरला. तो वाचला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॅनेट पार्कर यांना देवी झाली. त्या ना शास्त्रज्ञ होत्या, ना देवीच्या लॅबमध्ये कामाला. त्या मेडिकल फोटोग्राफर होत्या आणि त्यांची खोली त्या लॅबच्या वरच्या मजल्यावर होती. ११ सप्टेंबर १९७८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. देवीने घेतलेला हा शेवटचा बळी.

२००४ मध्ये बीजिंगच्या विषाणू संस्थेत सार्सचा विषाणू निष्क्रिय झाला आहे असे गृहीत धरून साध्या लॅबमध्ये हाताळला गेला. तो पूर्ण निष्क्रिय झालेला नव्हता. तिथे काम करणारी एक विद्यार्थिनी आजारी पडून आपल्या गावी गेली. ती स्वतः वाचली, पण तिची शुश्रूषा करणारी तिची आई दगावली. २०१९ मध्ये चीनमधल्याच लान्झू शहरात जनावरांची लस बनवणाऱ्या कारखान्याने मुदत संपलेले जंतुनाशक वापरले. ब्रुसेलाचे जंतू बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर पसरले आणि दहा हजारांहून अधिक लोकांना संसर्ग झाला.

तिन्ही ठिकाणी सोय होती, नियम होते, शिकलेली माणसे होती. कमी पडली ती रोजची शिस्त. भोगले मात्र वरच्या मजल्यावरच्या बाईने, घरातल्या आईने, शेजारच्या वस्तीने.

आता आपल्या छोट्या लॅबकडे या. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या माणसाला त्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती साधारण ०.३ टक्के आहे. म्हणजे ज्या आजाराची आपण कमी भीती बाळगतो, तोच इथे जास्त धोकादायक आहे आणि त्यावर लस उपलब्ध आहे. तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण.

बाकीच्या गोष्टीही महागड्या नाहीत. वापरलेल्या सुईवर टोपण बसवू नका, ती थेट न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाका. पिपेट तोंडाने ओढू नका. लॅबमध्ये खाणे-पिणे नको. हायपोक्लोराइटचे द्रावण रोज ताजे करा, कारण पडून राहिले की त्याची ताकद जाते. रक्त सांडले तर लगेच पुसू नका. त्यावर कापड किंवा टिश्यू टाका, वरून जंतुनाशक ओता, वेळ द्या, मग उचला. सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब फुटली तर मशीन बंद करा आणि झाकण अर्धा तास उघडू नका, कारण आत बारीक तुषार तरंगत असतात.

अनेकांची फसगत होते ती लॅमिनार फ्लोबाबत. समोरून वारा फेकणारे हे टेबल नमुना स्वच्छ ठेवते, पण तोच वारा काम करणाऱ्याच्या तोंडावर येतो. रुग्णाचा नमुना त्यावर हाताळणे म्हणजे जंतू स्वतःवर उडवून घेणे. त्यासाठी क्लास-टू सेफ्टी कॅबिनेट लागते.

सुई टोचलीच तर लपवू नका. जखम दाबू नका, तोंडात धरू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याचे औषध जितके लवकर तितके चांगले. ते ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचे असते. नोकरी जाईल या भीतीने गप्प राहणे सर्वात महागात पडते.

“हे सगळे मोठ्या हॉस्पिटलला ठीक आहे, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कसे जमेल?” असे मालक म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. टेस्टचे दर कमी आहेत, स्पर्धा आहे. पण २०१६ चे जैव-वैद्यकीय कचरा नियम छोट्या लॅबलाही लागू आहेत. रक्ताचे नमुने आणि जंतूंचा कचरा बाहेर देण्याआधी जागेवरच निर्जंतुक करायचा आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हातमोजे-मास्कसारखी साधने, दरवर्षी प्रशिक्षण आणि दरवर्षी आरोग्य तपासणी देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘प्रत्येकाला’ यात फरशी पुसणारी मावशीही आली. तिच्या बादलीत उघडी सुई टाकणारे हात बहुतेकदा आपलेच असतात, हेही कबूल करायला हवे.

आपल्या संस्था आणि ट्रस्ट डीएमएलटीच्या मुलांची फी भरतात. हे मोठे काम आहे. त्याच मदतीत हिपॅटायटिस बीच्या तीन डोसांचा खर्चही धरावा आणि अॅडमिशनच्या वेळीच पहिला डोस द्यावा, अशी माझी सूचना आहे. वर्षातून एकदा अनुभवी टेक्निशियनला बोलावून मुलांना एक दिवसाचे सुरक्षेचे प्रात्यक्षिक द्यावे. त्यासाठी हॉल आपल्याकडे आहेत आणि शिकवू शकणारी माणसेही आहेत.

आणि जे येत्या महिन्यात कुठल्या लॅबमध्ये रुजू होणार आहेत त्यांनी पगाराची बोलणी झाली की आणखी तीन प्रश्न विचारावेत. लस कोण देणार? सुया कुठे टाकायच्या? सुई टोचली तर कोणाला सांगायचे? विचारायला संकोच वाटेल, पण विचाराच. रात्री घरी पोहोचल्यावर दार उघडायला अम्मी उभी असते.