चिठ्ठीवर वार लिहा



सोरायसिसच्या गोळ्यांनी लिव्हर जातं, हे ऐकून औषध मध्येच सोडलेले तिघे जण माझ्या ओळखीचे आहेत. मी स्वतः सहा वर्षं त्यातलीच मेथोट्रेक्सेट ही गोळी घेतोय. त्याआधी सकाळी चादर झटकली की खपल्यांचा सडा पडायचा. न्हाव्याच्या खुर्चीत बसायची लाज वाटायची. हा रोग संसर्गजन्य नाही, हे किती जणांना समजावणार? पुढे बोटांचे सांधे आखडू लागले, तेव्हा मलमावर भागेना. गोळी सुरू झाली आणि तीन-चार महिन्यांत चट्टे ओसरले, शर्टाची बटणं स्वतः लावता येऊ लागली.

म्हणून ही गोळी निरुपद्रवी आहे, असं मात्र कुणी समजू नये. ती रोज नाही, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. दुसऱ्याच महिन्यात औषधाच्या दुकानातून मिळालेल्या पाकिटावर ‘रोज रात्री १’ असं लिहिलं होतं. बायकोनं कॅलेंडरवर गुरुवारभोवती केलेला गोल दाखवला, म्हणून निभावलं. हा डोस रोज पोटात गेला तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात आणि प्रसंगी जिवावर बेततं. शिवाय ठरावीक काळानं रक्ताची आणि लिव्हरची तपासणी, जोडीला फॉलिक ॲसिड, दारू वर्ज्य, गरोदरपणात तर ही गोळी अजिबात नाही, आणि साधी दुखण्यावरची गोळीही डॉक्टरांना विचारूनच. तपासण्यांचा खर्च जाणवतो, हे खरं. पण तपासणी टाळून गोळी घेत राहणं त्याहून महाग पडतं.

भीतीचेही दुष्परिणाम असतात. ओळखीतल्या एकानं ही गोळी सोडून ‘आठ दिवसांत गुण’वाल्या पुड्या घेतल्या. त्यात काय होतं ते त्याला आजही ठाऊक नाही. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड असेल तर आधी त्वचा झकास दिसते. पण ते एकदम थांबवलं की सोरायसिस दुप्पट जोरानं उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्याही येतात. देखरेखीखालची गोळी सोडून माणूस बिनदेखरेखीच्या औषधाकडे जातो, तो असा.

डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना माझी एकच विनंती आहे. चिठ्ठीवर आणि पाकिटावर मराठीत वारासकट ठळक लिहा, उदाहरणार्थ : ‘आठवड्यातून एकदा, फक्त गुरुवारी’. आणि वाचकहो, वार लिहिलेला नसेल तर विचारल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

– एक वाचक, सांगली