जुन्या गाडीला वेग मिळतो, मैदान मिळत नाही

वीस वर्षे ओलांडलेल्या मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ऑगस्ट 2025 पासून दहा हजार रुपयांवर गेले. त्याआधी, एप्रिल 2022 मध्ये, हेच शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर नेण्यात आले होते. जुनी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत, हा त्यामागील केंद्राचा हेतू उघड आहे. परंतु घराच्या पडवीला लागून ताडपत्रीखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतील मारुती 800 म्हणजे मालकाच्या दृष्टीने निव्वळ लोखंड नसते. वडिलांनी घेतलेली, लग्नाकार्याला, चतुर्थीला, इस्पितळात नेणारी गाडी भंगारात घालताना हात थबकतो. शुल्क भरून ती रस्त्यावर ठेवणे, भंगारात देणे किंवा अंगणात गंजू देणे, या तीन वाटा सर्वांना ठाऊक आहेत. चौथी वाट तरुणांना खुणावते : घरच्या अंगणातच गाडी उतरवायची, हलकी आणि मजबूत करायची आणि ऑटोक्रॉसच्या मातीत धाववायची.

हा छंद वरकरणी मूठभर हौशी मंडळींचा वाटेल. प्रत्यक्षात त्यात रस्ते सुरक्षा, खाणपट्ट्यातील कौशल्य, जमिनीचा वापर आणि कायद्याचा अर्थ असे चार प्रश्न एकत्र गुंतले आहेत. त्यांची उत्तरे न शोधता केवळ दंडाची पावती फाडत राहणे, हा धोरणाला पर्याय होऊ शकत नाही.

घड्याळाशी शर्यत

ऑटोक्रॉस हा मोटार क्रीडेतील सर्वांत कमी खर्चाचा आणि तुलनेने सुरक्षित प्रकार मानला जातो. मोकळ्या जागेत रबरी शंकू आणि जुने टायर मांडून वळणावळणाचा मार्ग आखला जातो. भारतात तो बहुधा मातीचा असतो. गाड्या एकमेकींना रेटत नाहीत. एक एक गाडी, फार तर स्वतंत्र मार्गांवर दोन गाड्या, घड्याळाविरुद्ध धावतात. शंकू पाडला तर वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. मार्ग आखूड आणि वाकडा असल्यामुळे बराचसा खेळ खालच्या गिअरमध्येच होतो. इंजिनाच्या ताकदीपेक्षा चालकाचा हात आणि गाडीचा तोल इथे अधिक मोलाचा ठरतो. म्हणूनच साडेसहाशे किलोच्या आसपास वजनाची, 796 सीसी इंजिनाची मारुती 800 या मातीत आजही शोभते. पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे आणि पुढे, तर ओढ मागच्या चाकांना. ओल्या मातीत तिचा मागचा भाग सरकतो आणि चालकाचे कसब तिथेच पणाला लागते.

देशात या खेळाचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरायचे तर चालकाला परवाना लागतो आणि गाडीला सुरुवातीच्या रेषेवर जाण्यापूर्वी तांत्रिक तपासणीला सामोरे जावे लागते.

अंगणातले काम

गाडी घडवण्याचे काम बहुतेकांना इंजिनापासून सुरू करावेसे वाटते. जाणता मेस्त मात्र आधी पत्र्याकडे पाहतो. पद्मिनी काय किंवा मारुती 800 काय, दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासिस नसते; पत्र्याचे कवचच सारा भार पेलते. मोरजी, मांद्रे, हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात हे कवच खालून पोखरले जाते. पायाखालचा पत्रा, दरवाजाखालच्या पट्ट्या आणि सस्पेन्शन जिथे जोडले जाते ते कोपरे गंजले असतील, तर वर कितीही रंगरंगोटी करून उपयोग नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडणे, हीच या कामाची पहिली पायरी.

दुसरी पायरी चालकाच्या जिवाची. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छप्पर चालकाच्या डोक्यावर येऊ नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा. घरगुती बांधणीत सर्वांत धोकादायक काटकसर इथेच होते. पाण्याच्या जीआय पाइपचा पिंजरा दिसायला रुबाबदार असतो, पण तो आघात पेलण्यासाठी बनलेला नसतो. त्यावरील जस्ताचा थर वेल्डिंगला बाधक असतो आणि त्याचा धूर जोडणाऱ्याच्या छातीला घातक. जोड सुटलेला पिंजरा नसलेल्या पिंजऱ्याहून वाईट, कारण तुटलेली नळी आतल्या माणसावरच येते. योग्य जाडीच्या सलग नळ्या, प्रशिक्षित हाताचे वेल्डिंग, कवचाला नीट जखडलेली खुर्ची, अनेक बिंदूंना बांधलेला पट्टा, हेल्मेट, अग्निशामक आणि बॅटरीचा प्रवाह एका झटक्यात तोडणारा स्विच, एवढे झाल्यावरच पुढचा विचार करावा.

मग ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ते तापले किंवा चिखलाने भिजले की पकड कमी होते. वेग वाढवण्याआधी गाडी थांबवता आली पाहिजे, हा साधा क्रम मोडला की अपघात ठरलेलाच. त्यानंतर खडबडीत मातीला तोंड देणारे शॉक अब्सॉर्बर, इंजिनाच्या पोटाखाली संरक्षक पत्रा आणि खोल नक्षीचे टायर. काचा, मागची आसने आणि आतले अस्तर काढले की वजन आपोआप उतरते. कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट आणि सायलेन्सर यांची पाळी सर्वांत शेवटी येते. रस्त्यावर कर्णकर्कश आवाज करीत फिरणारे बहुतेक ‘मॉडिफिकेशन’ याच्या नेमके उलट्या क्रमाने झालेले असते.

कायद्याची चौकट

खरी अडचण सुरू होते ती गाडी फाटकाबाहेर काढताना. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी 2019 मध्ये केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182-अ प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही सांगते. चार बदल असलेली गाडी रस्त्यावर सापडली, तर नुसत्या दंडाचाच हिशेब वीस हजारांवर जातो.

शर्यतीबाबत कलम 189 आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा ठरतो. येथे ‘सार्वजनिक ठिकाण’ याचा अर्थ केवळ डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना प्रवेशाचा हक्क आहे, अशी कोणतीही जागा त्यात येते. त्यामुळे गावाचे खेळाचे मैदान मोकळे दिसले म्हणून तिथे शंकू मांडता येत नाहीत. विम्याचेही तेच. नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम 199-अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो.

कायद्यात वाट नाहीच, असे मात्र नाही. केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनांना कायदा ‘मोटार वाहना’च्या व्याख्येबाहेर ठेवतो. रस्त्यावर वापरण्यास कायमच्या अयोग्य झालेल्या गाडीची नोंदणी कलम 55 खाली रद्द करता येते. म्हणजे नोंदणी परत करून, गाडी ट्रेलरवर लादून, कुंपणाच्या आतल्या मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरवण्याचा मार्ग शिल्लक राहतो. उणीव आहे ती त्या कुंपणाची.

कोणती गाडी कापावी, हाही विवेकाचा प्रश्न आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात खनिजाच्या पैशावर गोव्यात युरोपीय मोटारी मोठ्या प्रमाणात आल्या. त्यांतील काही आजही घरांत जपलेल्या आहेत. जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. त्यासाठी वीस हजार रुपये शुल्क आहे. कवच, चासिस किंवा इंजिनात मोठा फेरबदल झाला की ही पात्रता संपते. गोव्याच्या सामाजिक इतिहासाची साक्ष असलेली गाडी मातीत उधळणे हा अपराध नसला तरी करंटेपणा ठरेल. लाखोंच्या संख्येने बनलेल्या मारुती 800 वर मात्र हात चालवायला हरकत नसावी.

पेडण्याचा रस्ता, डिचोलीचा हात

पेडणे तालुक्याचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग 66 रुंदावला आणि धारगळहून विमानतळाकडे जाणारा जोडरस्ता झाला. कालपर्यंत वळणाच्या अरुंद वाटांवर गाडी चालवणाऱ्या पिढीपुढे अचानक सरळ, रुंद आणि रात्री रिकामे डांबर आले. वेगाचा मोह हा वयाचा धर्म आहे. तो डांबरावर उतरला की समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याला त्याची किंमत मोजावी लागते. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात अलीकडच्या वर्षांत दरसाल अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यांवर मरत आहेत. ऑटोक्रॉसच्या मैदानाने हे मृत्यू एकाएकी थांबतील, असा दावा कोणी करू नये. परंतु घसरत्या मातीत गाडी सावरायला शिकलेला आणि तपासणीत नापास होऊन परत पाठवला गेलेला तरुण धोक्याला अधिक ओळखतो, एवढे मानायला हरकत नाही.

डिचोलीकडे दुसरी बाजू आहे. डिचोली, साखळी, मये या पट्ट्यात खनिजवाहू ट्रक आणि अवजड यंत्रांच्या दुरुस्तीवर गॅरेजे पोसली गेली. लेथवर सुटे भाग घडवणे, जाड पत्र्याचे वेल्डिंग, स्प्रिंगची पाती बदलणे, इंजिन पूर्ण उतरवून पुन्हा बांधणे, हे कसब इथल्या मेस्तांच्या अंगवळणी पडले. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. पुढे सुरू झालेला व्यवसाय 88 लिजांचे नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा ठप्प झाला. डिसेंबर 2022 च्या पहिल्या लिलावात गेलेल्या चार खाणपट्ट्यांपैकी तीन डिचोली तालुक्यातील होते आणि 2024 मध्ये त्यांतील पहिली खाण सुरूही झाली. तरीही जुने दिवस जसेच्या तसे परतलेले नाहीत. मधल्या काळात ट्रक विकले गेले आणि गॅरेजमधले हात रिकामे झाले. पोलादाशी बोलणारी ही बोटे सुरक्षित पिंजरा बांधायला शिकली, तर छंदाला शिस्त आणि कसबाला काम, दोन्ही मिळेल.

असे घडू शकते, याचे दाखले दूर नाहीत. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एकेकाळी घरी सुधारलेल्या फियाट आणि अँबॅसॅडर धावत. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगाट्टुकोट्टई येथे स्वतःचे सर्किट उभारले आणि त्यातून देशाच्या मोटार क्रीडेला घर मिळाले. आंबोली घाट चढून गेले की कोल्हापूर लागते. उद्यमनगरच्या लेथ-फाउंड्रींच्या त्या शहराजवळ मोहिते सर्किटवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या. खुद्द गोव्यात 2014 पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरत आली आहे. बदल केलेल्या जीपगाड्या चिखलात उतरवणारी ही स्पर्धा राज्याला चालते, मग स्थानिक तरुणाच्या मारुतीला वर्षभर जागा का असू नये?

आक्षेप आणि उत्तर

आक्षेप रास्त आहेत. पेडण्याचे सडे रिकामे दिसतात, पण पावसात तेच पाणी झिरपवतात आणि त्यावर उमलणारी रानफुले, गवत, पक्षी यांचे ते घर असते. विमानतळासाठी एक सडा दिल्यानंतर दुसरा मागणे अन्यायाचे होईल. शेतजमिनीचा तर विचारच नको. धूळ आणि आवाज यांनी खाणपट्ट्यातील गावे आधीच पिढ्यान्पिढ्या गांजली आहेत. म्हणून जागा निवडताना आधीच उद्ध्वस्त झालेल्या, वस्तीपासून दूर असलेल्या, मालकी निर्विवाद असलेल्या जमिनीलाच प्राधान्य हवे आणि तीही ग्रामसभेच्या संमतीने. ऑटोक्रॉसला मोठे प्रेक्षागृह किंवा काँक्रीट लागत नाही. धुळीवर पाणी मारण्याची सोय, आवाजाची मर्यादा, महिन्याकाठी ठरलेले मोजकेच दिवस, रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची हजेरी या अटींवर ती माती इतर दिवशी तशीच पडून राहू शकते.

बंदीने हौस मरत नाही, याचा अनुभव गोव्याला आहे. धिरयोंवर 1996 मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी पहाटेच्या अंधारात त्या भरत राहिल्या. धिरयोंत मुक्या जनावराचा छळ आहे, त्यामुळे ती बंदी योग्यच. ऑटोक्रॉसमध्ये तसा बळी कोणी नसतो. बळी जातो तो खेळ रस्त्यावर आला तर. क्रीडा आणि वाहतूक या दोन खात्यांनी एकत्र बसून एफएमएससीआयच्या निकषांवर एक मातीचे मैदान ठरवावे, ट्रॅकपुरत्या गाड्यांची नोंदणी परत करण्याची पद्धत सुटसुटीत करावी आणि आयटीआयमध्ये रोल केज वेल्डिंगचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. या तिन्ही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. त्यानंतर महामार्गावर बदललेली गाडी सापडली, तर पोलिसांनी कायद्याचा पूर्ण बडगा उगारावा. मैदान दिल्यावर रस्त्यावर दंड करण्याचा सरकारचा अधिकार अधिक भक्कम होतो. तोपर्यंत पडवीतली ती जुनी गाडी ताडपत्रीखाली गंजत राहील, नाहीतर एखाद्या रात्री मोपाच्या रस्त्यावर दिसेल.