विनंतीसोबत आलेली मराठी
सुरतच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. पालिकेच्या काही शाळाही मराठी माध्यमाच्या आहेत. तिथल्या कुणी फोनची भाषा मराठी ठेवली, की ब्राउझर बहुधा प्रत्येक विनंतीसोबत ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या हेडरमधून तसं कळवतो. ब्लेक मिझरेनी यांनी २००७मध्ये आणलेल्या सिनात्रा या रुबीतल्या सुटसुटीत फ्रेमवर्कमध्ये ते ‘एन्व्ह’ या हॅशमध्ये, ‘एचटीटीपी_ॲक्सेप्ट_लँग्वेज’ या नावाखाली आयतं मिळतं. एका ओळीचं काम! तरीही मराठी पान दाखवायचा कंटाळा करणं अजिबात पटत नाही. हेडरचं नाव कॅपिटलमध्ये, डॅशच्या जागी अंडरस्कोअर, सुरुवातीला ‘एचटीटीपी_’ ही जुन्या सीजीआयची रीत सिनात्राच्या खाली असलेल्या रॅक या थराने जशीच्या तशी घेतली. अपवाद कंटेंट-टाइप आणि कंटेंट-लेंग्थचा: त्यांना तो उपसर्ग लावला, तर हाती ‘निल’ येतं.