वाट मोकळी असू द्यावी

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील असला, तरी त्याचे मूळ अरबीतील ‘सफर’ या शब्दात असल्यामुळे तो मराठी कानाला परका वाटत नाही. पूर्व आफ्रिकेत हा शब्द मुळात प्राणी पाहण्यासाठी नव्हे, तर लांबच्या प्रवासासाठी आणि व्यापारी तांड्यांसाठी वापरला जाई. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंत वाहणारे तांडे अंतर्भागातून किनाऱ्याकडे येत आणि झांझिबारच्या त्या व्यापारात हिंदी व्यापाऱ्यांचे भांडवल गुंतलेले असे. पुढे बंदूकधारी शिकाऱ्यांनी हा शब्द आपलासा केला. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. हिंसेकडून दर्शनाकडे झालेला हा प्रवास समाधानाचाच आहे. तथापि, केवळ पाहण्यातही दोष घडू शकतो काय, हा प्रश्न धाड येथील एका दांपत्याला थेट मसाई माराच्या गवताळ रानात पडला.

बुलढाणा जिल्ह्यात, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत असलेल्या धाडमध्ये या कुटुंबाची सोयाबीन-मक्याची अडत आहे. विवाहाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलांनी आईवडिलांना केनियाची यात्रा घडविली. जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्टचे लक्षावधींचे कळप टांझानियातून माराकडे येतात. परंतु तो काळ नेमका चातुर्मासाचा. म्हणून फेब्रुवारी २०२५ ठरला. हिशेबाच्या दृष्टीनेही ते सोयीचे होते. २०२४ पासून माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रवाशास जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने खाखरे, ठेपले आणि सुकी भाजी स्टीलच्या डब्यांतून गेली. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र वर्षभर जवळजवळ समान असतात आणि सूर्य साडेसहानंतर लवकरच मावळतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या या दांपत्याने दुपारच्या फेरीतच डबा सोबत ठेवला आणि नियम एकही दिवस मोडला नाही.

पहिल्या सकाळी हत्तींचा कळप वाटेत आला. चालकाने बऱ्याच अंतरावर गाडी थांबविली, इंजिन बंद केले आणि हाताने शांत राहण्याची खूण केली. हत्तींच्या कुटुंबाचे नेतृत्व वयाने सर्वांत मोठी मादी करते. कुठल्या दुष्काळात कुठे पाणी मिळाले होते, हे तिच्या स्मरणात असते. ती प्रथम रस्ता ओलांडून उभी राहिली. मागून पिल्ले, मग इतर माद्या गेल्या. सर्व पार झाल्यावरच ती निघाली. पंधरा मिनिटे कोणी एक शब्दही बोलले नाही. “घरातल्या थोरल्या बाईसारखीच हो,” एवढेच पत्नी नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशीचे दृश्य मात्र वेगळे होते. चित्त्याची मादी तीन पिल्लांसह एका उंचवट्यावर दिसल्याची वार्ता बिनतारी संचावरून पसरली आणि पाहता पाहता वीसएक गाड्यांनी तिला वेढले. माराच्या नियमांनुसार एका प्राण्याजवळ एका वेळी पाचांहून अधिक वाहने असू नयेत, किमान पंचवीस मीटर अंतर राखावे आणि इतर वाहने खोळंबली असल्यास दहा मिनिटांत निघावे. तेथे यांपैकी काहीही पाळले जात नव्हते. मादी उठे, चार पावले जाई, समोर गाडी पाहून पुन्हा बसे. समोरच्या पठारावर हरणे चरत होती. चित्ता प्रामुख्याने दिवसाच शिकार करतो. त्यामुळे प्रवाशांची वेळ आणि त्याच्या पोटापाण्याची वेळ एकच असते.

“अहो, ती लेकरांना घेऊन जाणार तरी कुठून?” पत्नीने विचारले.

गृहस्थांनी चालकाला गाडी मागे घेण्यास सांगितले. चालक संकोचला. छायाचित्र जवळून मिळाले नाही, तर पाहुणे नाराज होतात आणि बक्षिसी बुडते, असा त्याचा नित्याचा अनुभव. त्यावर गृहस्थ म्हणाले, “तुझी बक्षिसी ठरल्याप्रमाणेच मिळेल, तू वाट सोड.” गाडी मागे सरली. इतर गाड्यांनी अनुकरण केले, असे काही घडले नाही. पुढे मादी कुठून गेली, हेही त्यांना दिसले नाही.

या प्रसंगाकडे निव्वळ भावुकता म्हणून पाहता येणार नाही. मारा परिसरात चित्त्यांच्या माद्यांचा अभ्यास झाला आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगली. वर्दळीच्या भागात हे प्रमाण अवघे ०.२ होते. तेथे बंदूक कोणी चालविली नव्हती. लोक केवळ पाहत होते.

व्यापारी माणसाला यातील मर्म चटकन कळावे. गिऱ्हाईक जे मागते, तेच दुकानात येते. गाडी जवळ नेण्याचा दोष आपण चालकावर टाकतो. परंतु त्या जवळिकीची मागणी आणि तिचे मोल आपल्याच खिशातून गेलेले असते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, हा भेद आपल्या घरांत लहान मुलालाही शिकविला जातो. सफारीच्या गाडीत बसलेला माणूस बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर असतो.

हे केवळ दूरदेशीचे नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे हे दांपत्य केनियाला निघण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी, विदर्भातील उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडविली. त्याची चित्रफीत सर्वत्र फिरली, चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई चालक-मार्गदर्शकांवर झाली, हे योग्यच. पण मागच्या आसनांवर कोण बसले होते, याचाही विचार व्हावयास हवा.

याउलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. जूनमध्ये तो निघाला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेतशिवार, नाले आणि रस्ते ओलांडत १ डिसेंबर २०१९ रोजी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याचे सुमारे १,३०० किलोमीटर चालणे झाले होते. नऊ महिन्यांची एकूण भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली. लोकांनी त्याला ‘वॉकर’ असे नाव दिले. तो बहुतेक रात्री चाले. एवढ्या प्रवासात एकच माणूस त्याच्याकडून जखमी झाला, तोही तो विसावलेल्या झुडपात काही लोक शिरल्यामुळे. ज्यांच्या शेतांतून तो गेला, त्यांतील अनेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. त्याला जाऊ दिले गेले, म्हणूनच तो पोहोचला.

परदेशी सफारीस जाणाऱ्या कुटुंबांनी म्हणून तीन गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. सहल ठरवितानाच नियम पाळणारा चालक हवा, असे स्पष्ट सांगावे. बक्षिसी प्राण्याच्या जवळिकीवर अवलंबून नाही, हे चालकाला पहिल्याच सकाळी कळवावे. आणि गर्दी दिसताच, आपल्याला काही दिसले असो वा नसो, निघून जाण्याची मनाची तयारी ठेवावी. नातवंडे सोबत असतील, तर हा तिसरा धडा त्यांना पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.

केनियाहून परतल्यावर हे दांपत्य एका लग्नासाठी बुलढाण्याहून खामगावला निघाले होते. हा रस्ता बोथ्याच्या जंगलातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सायंकाळी नीलगायींचा एक छोटा कळप रस्त्याच्या कडेला येऊन थबकला. गाडी चालविणाऱ्या मुलाचा हात हॉर्नकडे गेला. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “इंजिन बंद कर. आधी त्यांना जाऊ दे.”