चेंडू आला, मैदान कुठे आहे?

दि. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या आळीत दिवाळी पुन्हा एकदा साजरी झाली. भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता, आणि तोही नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे आमच्या चौकपासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर! सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले तेव्हा वर्गात दुसरा विषयच नव्हता. त्या गप्पांत मी सहज बोलून गेले, की याच मैदानावर मी मुलींच्या फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पाहिला आहे. कोणाचा विश्वासच बसेना. एक मित्र म्हणाला, “काहीतरीच! ते क्रिकेटचे स्टेडियम. तिथे फुटबॉल कसा खेळणार?”

प्रश्न त्याने चेष्टेत विचारला, परंतु मला तो चांगला वाटला. क्रिकेटचे मैदान फुटबॉलचे कसे होते, त्यासाठी कोण काय करते, आणि ते सारे उरकल्यावर आपल्यासारख्यांच्या पदरात काय पडते, याविषयी माझ्या मनात गेली तीन वर्षे जे साचले आहे ते वाचकांपुढे मांडण्याचे मी धाडस करीत आहे.

नेरुळचे हे स्टेडियम २००८ साली सुरू झाले. सुमारे ५५ हजार माणसे बसतील असे, आणि वरच्या छताला प्रेक्षकांच्या नजरेआड येणारा एकही खांब नाही. मालकी खाजगी. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, तेव्हा कोलकाता, दिल्ली, कोची, गुवाहाटी, गोव्यातील फातोर्डा यांच्या जोडीला हे सहावे केंद्र ठरले. चोवीस देशांचे संघ आले. तिकिटे काढून किंवा पास मिळवून जे प्रेक्षक या सहा ठिकाणी मिळून आले त्यांचा आकडा १३ लाख ४७ हजारांवर गेला. त्या वयोगटाच्या स्पर्धेतला तोवरचा तो उच्चांक होता.

अशा स्पर्धेची तयारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रंगरंगोटी, दिवे, खुर्च्या येतात. खेळाडूंच्या खोल्या, पंचांची वेगळी खोली, उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीची खोली, हे सारे लागतेच. पण खरी परीक्षा असते ती जमिनीची. क्रिकेटला मधोमध दगडासारखी टणक खेळपट्टी हवी. फुटबॉलला ती अजिबात चालत नाही. ती माती काढून किंवा झाकून तेथे गवत आणावे लागते, आणि तेही असे की कडेचे गवत कोणते व मधले कोणते हे चेंडूला कळता कामा नये. मैदानाचे माप १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. हा हिशोब मी आमच्या पद्धतीने करून पाहिला तेव्हा सुमारे सत्तर गुंठे झाले, म्हणजे पावणेदोन एकर! या सत्तर गुंठ्यांच्या पोटात खडी, बारीक खडी, वाळू असे थर असतात. पाऊस पडला की पाणी त्यातून खाली उतरून बाजूच्या नळांनी निघून जावे म्हणून. वरचे गवत इंचभर उंचीवर राखायचे, आणि दोन सामन्यांच्या मध्ये त्याला विसावा द्यायचा.

हा विसावा आणि हा निचरा जमला नाही तर काय होते? त्याच २०१७ च्या स्पर्धेत गुवाहाटीला २१ ऑक्टोबर रोजी माली आणि घाना यांचा सामना पावसात झाला आणि मैदानाचा चिखल झाला. चारच दिवसांवर तेथे ब्राझील आणि इंग्लंड यांची उपांत्य लढत होती. तिकिटे खपलेली, शहर नटलेले. पण गवत उभे राहीना. अखेर सामना उचलून कोलकात्याला न्यावा लागला. छत, दिवे, खुर्च्या, सगळे होते. नडली ती माती.

आता माझा स्वतःचा अनुभव सांगते. ३० ऑक्टोबर २०२२, दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. मी पनवेलला आत्याकडे गेले होते आणि आतेभावाने दोन तिकिटे मिळवली होती. पनवेलहून लोकलने नेरुळ. मी तेव्हा अकरावीत, सोळा वर्षांची. मैदानात स्पेन आणि कोलंबियाच्या ज्या मुली धावत होत्या त्या माझ्याच वयाच्या, काही तर माझ्याहून लहान. स्पेनने एका गोलने सामना जिंकला. पण खरे सांगू? पहिली पाच मिनिटे मी खेळ पाहिलाच नाही. जिना चढून वर आले आणि दिव्यांच्या उजेडात ते हिरवे पाहून तशीच उभी राहिले. मागचे काका “अगं बस की खाली” म्हणून ओरडले तेव्हा भानावर आले.

घरी आल्यावर आईने विचारले, गर्दी किती होती, परत यायला उशीर का झाला. बाबांनी एकच प्रश्न विचारला : “गवात कसा होता त्यांचा?”

यामागे कारण आहे. माझे बाबा सातवीपर्यंत शिकलेले. कर्जत–खालापूर भागात मुंबईकरांची जी असंख्य फार्महाऊसे उभी राहिली आहेत, त्यांपैकी एका ठिकाणी ते गेली चौदा वर्षे माळी आहेत. त्यांच्या हाताखाली वीसेक गुंठ्यांची हिरवळ आहे. मुरूम खणून काढणे, लाल माती, वाळू आणि शेणखत मिसळणे, उतार धरणे, हरळीचे दोरे बोटभर अंतराने लावणे, रूळ फिरवणे, हे सारे त्यांनी स्वतःच्या हाताने केले आहे. मी त्यांना स्टेडियमच्या थरांविषयी वाचून दाखवले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. म्हणाले, “पानी घालना सोपा हाय बाय, काढना कठीन. आपले खाचराला पानी धरून ठेवाचा, या गवताला सोडून देवाचा.” भातशेती करणाऱ्या माणसाने एका वाक्यात मैदानाचे सगळे शास्त्र सांगितले असे मला वाटले. आमच्या फुटबॉलवेड्या मित्रांना हे ठाऊक असेल का, कोण जाणे!

त्या हिरवळीवर सोमवार ते शुक्रवार कोणी पाऊल टाकत नाही. शनिवारी मालक येतात, खुर्च्या मांडल्या जातात, रविवारी संध्याकाळी गाड्या परत जातात. त्यांची जागा, त्यांचा पैसा, त्यांनी काय करावे हे सांगणारी मी कोण? पण कुंपणाच्या अलीकडे आम्ही ज्या मुरमाड उतारावर खेळलो तेथे गुडघ्याची खपली कधी सुकलीच नाही.

२०१७ चा विश्वचषक भारतात भरायचा म्हणून त्या वर्षी १५ सप्टेंबरला साऱ्या महाराष्ट्रात फुटबॉल दिन झाला. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळावा अशी ती योजना होती, आणि त्यासाठी शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. मी सहावीत होते. आमच्याही शाळेत चेंडू आले. कोऱ्या चेंडूचा तो वास मला अजून आठवतो. मुली खेळणार हे पहिल्यांदाच कोणी गृहीत धरले होते, आणि त्याबद्दल मी त्या योजनेची आजही ऋणी आहे. पहिल्या दिवशी भरपूर खेळलो. पुढच्या आठवड्यात एक चेंडू कुंपणाच्या बाभळीवर गेला, दुसऱ्याची शिवण दगडांवर घासून उसवली. उरलेला कपाटात ठेवला गेला, कारण तो तरी टिकावा! दोष कोणाचा म्हणायचा? चेंडू वाईट नव्हता, मुली वाईट नव्हत्या. खाली जमीन नव्हती.

येथे माझे काही मित्र आक्षेप घेतील. गरीब देशाने असल्या स्पर्धा भरवूच नयेत, तो पैसा शाळा-दवाखान्यांवर खर्च करावा, असे मत आपल्या वादविवाद मंडळात अनेकदा ऐकू येते आणि त्याला टाळ्याही पडतात. मला ते पटत नाही. त्या रात्री नेरुळला मी जे पाहिले ते पाहायला मिळाले नसते तर सोळा वर्षांच्या मुली असेही करू शकतात हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले असते? माझे म्हणणे एवढेच, की स्पर्धेची तयारी स्टेडियमच्या फाटकापाशी थांबू नये.

आणि ती थांबतेच असेही नाही. अशा स्पर्धेला संघांच्या सरावासाठी वेगळी मैदाने लागतात. गोव्यात त्यासाठी बाणावली आणि उतोर्डा या गावांतली मैदाने तयार केली गेली. नेरुळलाही महापालिकेने यशवंतराव चव्हाण मैदानावर सरावासाठी गवत लावले. परदेशी पाहुणे महिन्याभराने निघून जातात. गावात राहते ते सरावाचे मैदान. त्याला छप्पर नाही, त्याचे उद्घाटन टीव्हीवर दिसत नाही, पण पोरे खेळतात ती तेथे. कोल्हापूरकडे पाहा. २०१७ च्या भारतीय संघातला अनिकेत जाधव त्या शहरातला. तेथे पेठापेठांतून तालमींचे संघ आहेत, मुले चेंडू पाहत मोठी होतात. खेळाडू असा उगवतो. भाताच्या रोपासारखा, आधी तरवा तयार करावा लागतो.

मग सरावाचे एखादे मैदान आमच्याकडे का येऊ नये? आमचा आणि त्या शहराचा संबंध नाही असे कोणी म्हणू शकत नाही. नवी मुंबईला पाणी पाजणारे मोरबे धरण आमच्या चौकजवळ आहे. ते त्या महानगरपालिकेच्या मालकीचे आहे. पावसाळ्यात धरणाची पातळी ८८ मीटरला पोहोचली की शहरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या पाण्याखाली कोणाची घरे, कोणाची खाचरे गेली आहेत. स्टेडियममध्ये दहा रुपयांची बाटली तीस रुपयांना घेताना माझ्या मनात हा विचार आला आणि हसूही आले. हे मी कडवटपणाने लिहीत नाही. शहराने प्यावे, तहानलेल्याला नाही म्हणायची आमची रीत नाही. परंतु पाणी जाते त्या वाटेने उलट दिशेला काहीतरी यावे, असे म्हटले तर ते भीक मागणे होईल काय?

ग्रामीण माणसांना मैदान राखता येणार नाही असे म्हणणाऱ्यांनी जानेवारीत आमच्याकडे यावे. भात झोडून झाले की चार-पाच खाचरांचे बांध फोडून एकत्र केले जातात, ढेकळे फोडतात, टँकरने पाणी मारतात, रूळ फिरवतात, फक्की टाकतात, आणि आठवड्याभरात टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे मैदान तयार! मंडप, लाऊडस्पीकर, समालोचक, पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल. दहा-बारा पोरे रात्र रात्र राबतात आणि कोणी मजुरी मागत नाही. हीसुद्धा स्पर्धेची तयारीच की! फरक इतकाच, की जून महिन्यात तेथे पुन्हा नांगर फिरतो. आणि त्या मैदानावर मुलींचे काम काय, तर आरतीचे ताट धरून पाहुण्यांचे स्वागत. मी दोन वर्षे ते ताट धरले आहे. तिसऱ्या वर्षी नाही म्हटले, तर शिष्ट ठरले.

मुलींचे मैदान म्हटले की मला अष्टम उरांवची आठवण येते. २०२२ च्या त्याच विश्वचषकात ती भारताची कर्णधार होती; झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी. आपला संघ तेव्हा भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याकडून हरला. अमेरिकेने तर आठ गोल केले. पण मला जास्त लागली ती दुसरी बातमी. ती कर्णधार झाली म्हणून तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचे आई-वडील रोजंदारीने खडी वाहत होते. ही बातमी मी घरी वाचून दाखवली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून गोठ्याकडे गेले.

माझी मागणी मोठी नाही. छत नको, दिवे नकोत, खुर्च्या नकोत. तालुक्याला एक, सत्तर गुंठ्यांचे, पावसात पाणी सोडणारे, गवताचे मैदान हवे. त्यावर लग्नाचा मंडप आणि सभेचे खांब रोवायला मनाई हवी; मंडपाच्या एका खांबाने जे भोक पडते ते बुजवायला गवताला दोन महिने लागतात. आठवड्यातले दोन दिवस मैदानाला विसावा हवा. आणि पगारी माळी हवा. माळी शोधायला लांब जावे लागणार नाही. कर्जत–खालापुरात ज्यांनी दुसऱ्यांच्या हिरवळी आयुष्यभर राखल्या असे कितीतरी हात आहेत. आठवड्याचे काही तास, ठरवून दिलेले, मुलींसाठी हवेत, नाहीतर मैदान कोणाचे होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत देण्यासाठी आम्ही सात मुलींनी अर्ज लिहिला आहे. मसुदा माझा आहे. मराठीच्या सरांनी शुद्धलेखन तपासून दिले. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी त्यात एकच ओळ वाढवायला लावली : मैदानाच्या चारी अंगांनी दीड हात खोल चर खणावा, आणि तो पावसाच्या आधी खणावा.