डबा आणि सोबत

मुंबईच्या लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो, ही गोष्ट बोरिवली, अंधेरी, मुलुंड वा घाटकोपरहून परळच्या, 1941 साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वारंवार जाणाऱ्यांना ठाऊक असते. त्यांच्यासोबत निघालेल्या मित्राने मात्र नेमके काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत अंक या प्रश्नाला वाहिलेला आहे, कारण लहान कुटुंबांच्या उपनगरी सोसायट्यांत शुश्रूषेचा भार आता मैत्रीवरही येऊ लागला आहे, असे आम्हांस वाटते.

केमोथेरपी, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या पेशी नष्ट करणारी औषधे, दिल्यानंतर साधारण एक-दोन आठवड्यांत पांढऱ्या रक्तपेशी घटतात आणि क्षुल्लक संसर्गही धोक्याचा ठरू शकतो. म्हणून सर्दी झालेल्या स्नेह्याने भेट टाळून फोन करणे, हीच त्या दिवसांतली आस्था होय. फळांची करंडी आणि कोणाच्या तरी आत्याची बरे होण्याची कथा (दोन्ही आपल्याकडे हमखास येतात) यांपेक्षा रिपोर्ट तारीखवार लावणारा, रांगेत उभा राहणारा, प्रसंगी गप्प बसणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. वेदना व अन्य त्रास हलका करणारी उपशामक सेवा केवळ अखेरच्या दिवसांपुरती नसते, याचेही विवेचन आत आहे.

उपचार संपल्यावर, विचारपूस ओसरल्यावर, ही सोबत कशी टिकली वा तुटली, हे वाचकांनी अवश्य लिहून कळवावे. रुग्णाचे नाव मात्र त्याच्या संमतीविना लिहू नये.