चावीचे घड्याळ मोडीत काढू नका!

बिबवेवाडीतील आमच्या शेजारच्या आजोबांनी परवा आपले चावीचे ‘एचएमटी जनता’ घड्याळ मोडीत काढायचे ठरवले. १९६१ पासून भारतात घड्याळे बनवणाऱ्या एचएमटीची घड्याळ-कंपनी बंद करण्यास सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली.

क्वार्ट्‌झ घड्याळ अधिक अचूक, हे खरे. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण ते डोळ्यांना दिसत नाही. ‘जनता’चे मागचे झाकण उघडा. चावी दिलेली स्प्रिंग चाकांना ढकलते, आणि तोलचक्राच्या प्रत्येक आंदोलनाला अडवलेले चाक एकच दाता पुढे सरकते. टिकटिक होते ती यामुळेच!

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे जाऊन हे एकदा पाहाच. ऊर्जा आणि आंदोलन शिकवणारे असे यंत्र भंगारात का घालायचे?